मॉरिशसला राहायला येताय? आधी ‘बोंझूर’ म्हणायला शिका

भेंडीला इथे लालो म्हणतात, दोडक्याला पिपांगाय, पडवळाला पातोल आणि दुधीला कालबास. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सातारा सोडून मॉरिशसच्या कात्र बॉर्न गावात आलो. पहिल्या शनिवारी पिशवी घेऊन मी बाजारात गेले. समोर सगळ्या ओळखीच्या भाज्या, पण एकीचंही नाव घेता येईना. भाजीवाल्या आजी थेट आमच्या आळीतल्या वाटत होत्या. मी हिंदीत भाव विचारला. त्यांनी मान हलवली आणि क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या इथल्या बोलीत, काहीतरी सांगितलं. मी नोट पुढे केली, त्यांनी मोजून सुटे परत दिले. घरी आल्यावर लक्षात आलं, आपण त्यांना साधा नमस्कारही केला नाही.

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन इथे राहायला येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. हॉटेलं आणि बोटीच्या सहली यांची माहिती कुठेही मिळते, ती इथे नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्याला या बेटावर एक चकवा लागतो. देवळं, चेहरे, जेवण सगळं इतकं जवळचं दिसतं की आपण पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वागायला लागतो आणि मग पावलोपावली अडतो. इथली बोली आणि इथली रीत नव्याने शिकावी लागते. शिकणाऱ्याला मात्र लोक फार लवकर घरात घेतात.

१. निघण्यापूर्वीची बॅग

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून आलात तर व्हिसा विमानतळावरच मिळतो. राहायला आणि काम करायला मात्र ऑक्युपेशन परमिट लागतं. कामाचा आणि वास्तव्याचा असा एकत्रित परवाना तो. त्याचं काम इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे असतं. कंपनीचा माणूस बहुतेक धावपळ करतो, पण कागद तुमचेच लागतात. पदवीची प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले हे सगळं भारतातूनच अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारून, आणा. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही सोबत घ्या. माझा लग्नाचा दाखला मराठीत होता. भाषांतर करून, शिक्का मारून तो पुन्हा साताऱ्याहून मागवेपर्यंत दोन महिने गेले. परवान्यासाठी वैद्यकीय तपासणीही होते, लसीकरणाचे आणि जुन्या आजारांचे कागद हाताशी असू द्या.

औषधांच्या बाबतीत हा देश कडक आहे. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं यांतली बरीच औषधं इथे नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत ठेवा, आणि शंका असेल तर आणण्याआधी विचारा. इ-सिगारेटला बंदी आहे. ताजी फळं, रोपं, बियाणं परवान्याशिवाय आणता येत नाही. आईने दिलेली तुळशीची रोपटी विमानतळावर काढून घेतली गेल्यावर रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तुळस इथे घरोघरी आहे, शेजारणीकडून मागून घ्या.

स्वयंपाकाचं म्हणाल तर तूर-मूग, रवा, बेसन, कढीपत्ता, कोथिंबीर, नारळ सगळं मिळतं. गोडा मसाला, कोकम, मेतकूट आणि कुकरच्या जास्तीच्या रिंगा मात्र घेऊन या. विजेची पिनं इथे ब्रिटिश पद्धतीची, चौकोनी तीन पायांची असतात. दोन-तीन अडॅप्टर आधीच घेतलेत तर पहिल्या रात्री फोन चार्ज होईल.

२. घर कुठे घ्यायचं

बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५. त्यामुळे ‘कुठेही राहिलं तरी काय’ असं वाटतं. फरक पडतो, आणि तो हवामानाचा असतो. मधलं पठार उंचावर आहे. क्युरपीप समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर, तिथे पाऊस आणि धुकं भरपूर, जुलै-ऑगस्टात रात्री स्वेटर लागतो. त्याच वेळी खाली पोर्ट लुईला हवा उबदार असते. दोन्हीत अंतर तासाभराचंही नाही.

आमचं एक घर क्युरपीपच्या वरच्या बाजूला होतं. एजंटाने ते डिसेंबरच्या लख्ख उन्हात दाखवलं. जून उजाडला तशी भिंतींना बुरशी धरली, कपाटातल्या पैठणीवर पांढरे ठिपके आले, मुलाचा खोकला हटेना. घरमालकांनी अनामत परत द्यायला खूप खळखळ केली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पठारावर घर बघायचं तर पावसाच्या दिवशी बघा. कपाटं उघडा, आत हात फिरवा, वास घ्या. ऊन कोणत्या खोलीत येतं ते विचारा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. सप्टेंबरनंतर धरणांतली पातळी उतरते आणि काही भागांत पाणी ठरावीक तास येतं. छतावर टाकी आहे का, किती लिटरची, पाणी कोणत्या वेळी येतं, हे घरमालकाला विचाराच, पण शेजाऱ्यांनाही विचारा. गॅसचा सिलिंडर १२ किलोचा असतो, दुकानातून घेऊन यावा लागतो किंवा फोन केला तर पोचवतात.

नोकरी एबेनच्या आयटी कंपन्यांत असेल तर रोझ हिल, कात्र बॉर्न, वाक्वा हा पट्टा सोयीचा. ग्रां बे समुद्रावर आहे, सुंदर आहे, पण महाग, आणि सकाळच्या गर्दीत पोर्ट लुई ओलांडून रोज कामावर यायचं म्हणजे अर्धा जीव रस्त्यातच जातो.

३. तोंड उघडायचं कसं

सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, आणि माणसं बोलतात क्रिओल. घरात, बसमध्ये, भांडणात, प्रेमात क्रिओलच. आपल्यापैकी बरेच जण इंग्रजीवर निभावून नेतात आणि दहा वर्षांनीही पाहुण्यासारखे राहतात. क्रिओल शिकायला सोपी आहे. क्रियापदाला पुरुष-वचनाची रूपं नाहीत, नामाला लिंग नाही.

पहिल्या आठवड्यात एवढं पाठ करा. बोंझूर म्हणजे नमस्कार. की मान्येर म्हणजे कसं काय. उत्तर द्यायचं, मो ब्यें, मेर्सी. कोम्ये सा म्हणजे केवढ्याला. मो पा कोंप्रां म्हणजे मला समजलं नाही. कोरेक म्हणजे ठीक, चाललंय, झालं, हो, सगळंच. निरोप घेताना सालाम म्हणतात, आणि तो कोणत्याही धर्माचा माणूस कोणालाही म्हणतो. दचकलं, वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं की आयो! हा शब्द आपोआप तोंडात बसेल.

या सगळ्यांत बोंझूर सर्वांत महत्त्वाचं. दुकानात शिरलात, दवाखान्याच्या बाकावर बसलात, बसमध्ये चढलात, लिफ्टमध्ये कोणी आधीच उभं असलं, तरी पहिल्यांदा बोंझूर. आपल्याकडे दुकानदाराला ‘अर्धा किलो साखर द्या’ असं सरळ म्हटलं तर त्यात काही वावगं नाही. इथे ते उद्धट वाटतं. माझ्या त्या पहिल्या शनिवारी नेमकं हेच चुकलं होतं.

अजून एक गोष्ट जपा. समोरच्याचा चेहरा आपल्यासारखा दिसला म्हणून लगेच हिंदीत सुरू होऊ नका, आणि ‘तुम्ही मूळचे आमचेच’ असं तर कधीच म्हणू नका. मळ्यांवर राबायला आणलेल्या गिरमिटियांची जहाजं १८३४ पासून इथे लागली. त्यांच्या आधी फ्रेंचांच्या काळात आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले गेले, गुलामी संपली ती १८३५ साली. चिनी आले, गुजराती व्यापारी आले. समोरची व्यक्ती सहा पिढ्यांची मॉरिशियन असते आणि तिला तसंच ओळखलेलं आवडतं. जात विचारणं तर अगदी टाळा.

४. फोन आणि पैसे

पासपोर्ट दाखवला की माय टी किंवा एमटेलचं सिमकार्ड मिळतं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून भारताचं यूपीआय इथे सुरू झालं आहे, पहिल्या काही दिवसांत त्याचा उपयोग होतो, पण प्रत्येक दुकानात ते चालेलच असं नाही. बँकखातं उघडलं की ज्यूस हे अ‍ॅप घ्या. मित्राला जेवणाचे पैसे द्यायचे असले तरी लोक ‘ज्यूस कर’ म्हणतात. भाजी, बस आणि रस्त्यावरचं खाणं यांसाठी रोख लागतेच. इथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात पडतो. प्रत्येक वस्तूचा मनातल्या मनात गुणाकार करायची सवय शक्य तितक्या लवकर सोडा, नाहीतर टोमॅटोसुद्धा विकत घ्यायला हात धजावत नाही.

५. बाजार आणि स्वयंपाकघर

इथे स्थिरावायची खरी जागा म्हणजे बाजार. कात्र बॉर्नला भाजीबाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. त्याच जागी गुरुवारी आणि रविवारी कपड्यांचा बाजार असतो. माएबूरचा बाजार सोमवारी, फ्लाकचा मोठा बाजार रविवारी. पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार मोठा आणि देखणा आहे. तिथे आलूदा प्या, म्हणजे सब्जा आणि आगारची जेली घातलेलं थंड गोड दूध. आपल्या फालुद्याचाच हा भाऊबंद, नावातही तो ऐकू येतो.

भाव बहुतेक लिव्हवर सांगतात. एक लिव्ह म्हणजे अर्धा किलो. हे माहीत नसलं की पहिल्या वेळी सगळं स्वस्त वाटतं. भाज्यांची नावं वर काही सांगितली, आणखी घ्या: कारलं म्हणजे मार्गोझ, वांगं म्हणजे ब्रेंझेल, लाल भोपळा म्हणजे झिरोमों, कोथिंबीर म्हणजे कोतोमिली, कढीपत्ता म्हणजे कारीपुले. टोमॅटो म्हणजे पोमदामूर, अक्षरशः प्रेमाचं सफरचंद. कोतोमिली आणि कारीपुले तमिळमधून आलेत, हे ऐकताक्षणी कळतं. पालेभाज्यांना सरसकट ब्रेद म्हणतात. शेवग्याचा पाला म्हणजे ब्रेद मुरुम, अळूची पानं म्हणजे ब्रेद सोंझ. लसूण आणि सुकी मिरची घालून परतलेली ब्रेद मुरुम भातावर घेतलीत की कोकणातल्या कोणाच्याही डोळ्यांत पाणी येईल.

भांड्यांची नावं ऐकून मला सर्वांत जास्त आनंद झाला. तवा हा तावाच, कढई म्हणजे काराय, डेगचीची डेक्ती झाली आहे, चटणीची सातिनी. पाट्या-वरवंट्याला रॉस कारी म्हणतात आणि जुन्या घरांच्या मागच्या अंगणात तो अजून दिसतो. शेजारच्या आँटी सातिनी पोमदामूर त्यावरच वाटतात. भाजलेला टोमॅटो, हिरवी मिरची, मीठ, वरून चिरलेला कांदा आणि कोथिंबीर. मिक्सरमधली चटणी त्या हातात धरून नुसती हुंगतात आणि परत ठेवतात.

दुधाचं आधी सांगून ठेवते. ताजं दूध सहसा मिळत नाही. लोक चहाला दूधपावडर वापरतात, नाहीतर टिकाऊ दुधाचा खोका. दही दोन्हींचं लागतं. दुकानातलं साधं, गोड नसलेलं दही विरजणाला घ्या. पावडरचं दूध थोडं दाट कालवा. पठारावर हिवाळ्यात पातेलं टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवावं लागतं. चहाला व्हॅनिलाचा वास असतो, त्याची सवय होते आणि मग तोच हवासा वाटतो.

सकाळी लोक पाव खातात. बेकरीतला लांबट कडक पाव, त्याचा भाव सरकारने बांधलेला. त्यात लोणी आणि गरम गातो पिमा घालतात. गातो पिमा म्हणजे चण्याच्या डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे, आपल्या डाळवड्याच्या जवळचे. पावाच्या रांगेत सातच्या आत उभे राहा.

आणि धोल पुरी. हिच्याविषयी घाईने लिहिता येत नाही. वाटलेल्या पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ, पातळ पोळी, पुरणपोळीतून गूळ वगळला आणि ती रुमालासारखी केली तर जशी होईल तशी. गाडीवर काचेचा डबा असतो, आत कापडाखाली पोळ्यांची चळत. ती जोडीनेच विकतात. तुम्ही म्हणायचं, ‘एन पेर.’ तो कापडाची घडी उचलतो, वाफ वर येते, दोन पोळ्या एकावर एक टाकतो. पळीने वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, त्यावर टोमॅटोचा रुगाय, म्हणजे दाट रस्सा, हिरवी चटणी, आणि मग तुमच्याकडे बघून विचारतो, ‘पिमा?’ मिरची हवी का? नको असेल तर ‘सां पिमा’ म्हणा. बोटांच्या एका फिरकीत गुंडाळी होते आणि कागदात जाते. सगळं होईपर्यंत तुमचे सुटे पैसे हातात तयार हवेत, कारण मागे रांग असते. उभ्या उभ्या, पुढे वाकून खायची, म्हणजे कालवण कपड्यांवर सांडत नाही.

शाकाहारी असाल तर काळजी नको. ‘मो आं कारेम’ म्हणजे माझा उपवास आहे, सामिष चालणार नाही. एवढं वाक्य म्हटलं की कोणी का विचारत नाही. महाशिवरात्रीच्या किंवा कावडी या तमिळ सणाच्या आधी अर्धं बेट कारेममध्ये असतं.

६. बस आणि मेट्रो

बसथांब्याला लारे म्हणतात आणि मोठ्या स्थानकाला लागार. बसमध्ये चढून बसा, कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो. तिकीट उतरेपर्यंत टाकू नका, तपासनीस मध्येच चढतात. उतरायच्या आधी घंटी दाबा. शाळा-कॉलेजची मुलं आणि ज्येष्ठ नागरिक यांना सरकारी योजनेतून प्रवास मोफत आहे, त्यामुळे दुपारी शाळा सुटताना बस भरून जाते.

बस संध्याकाळी लवकर संपतात. गावाकडच्या मार्गांवर सहा-सातनंतर काही मिळेल असं धरून चालू नका. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाव ठरवा. २०२० च्या जानेवारीत सुरू झालेल्या मेट्रो एक्स्प्रेसमुळे पठारावरच्या लोकांचं जगणं खूप सोपं झालं. पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बॉर्न, वाक्वा करत ती क्युरपीपपर्यंत जाते, आणि रोझ हिलहून एक फाटा एबेन-रेद्वीकडे. आपल्या लार्सन अँड टुब्रोने ती बांधली, हे इथले गप्पा मारणारे टॅक्सीवालेसुद्धा मराठी माणसाला आवर्जून सांगतात.

७. कोणत्या दिवशी काय बंद

हे लिहून फ्रिजवर लावा. रोझ हिल, कात्र बॉर्न, वाक्वा, क्युरपीप या पठारावरच्या गावांत दुकानं गुरुवारी दुपारनंतर बंद होतात. पोर्ट लुईत शनिवारी दुपारनंतर शुकशुकाट. रविवारी दुपारनंतर जवळजवळ सगळीकडे. वर्षाला पंधराच्या आसपास सुट्ट्या असतात, त्यांत दिवाळी, ईद, चिनी नववर्ष, नाताळ, कावडी, उगादी सगळं येतं. १ आणि २ जानेवारी दोन्ही सुट्टीचे. डिसेंबरात कायद्याने एका महिन्याच्या पगाराएवढा बोनस मिळतो, लिची पिकलेली असते, आणि सगळा देश खरेदीला बाहेर पडतो. त्या महिन्यात प्लंबर मिळत नाही.

महाशिवरात्रीच्या आधीचे चार-पाच दिवस ग्रां बासेंकडे, म्हणजे गंगा तलावाकडे, लाखो लोक चालत निघतात. बांबू आणि रंगीत कागदांच्या मोठाल्या कावडी खांद्यावर असतात. रस्त्याच्या कडेला गावोगावचे लोक यात्रेकरूंना सरबत आणि जेवण फुकट देतात. आपल्या वारीत पाय घातलेल्या कोणालाही ते दृश्य ओळखीचं वाटेल. एकदा तरी चाला. नसेल चालायचं तर त्या दिवसांत गाडी दक्षिणेकडे नेऊ नका.

८. चक्रीवादळ

नोव्हेंबर ते मे हा मोसम. इशारे चार वर्गांत दिले जातात आणि ते तोंडपाठ हवेत. क्लास एक म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी. क्लास दोन म्हणजे साधारण १२ तास हाताशी. क्लास तीन म्हणजे उजेडाचे सहा तास उरले, कार्यालयं सुटतात, बस थांबण्याच्या बेतात, सगळ्यांनी घरी. क्लास चार म्हणजे १२० चे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले, आता दार उघडायचं नाही.

क्लास एक ऐकला की हे करा. छतावरची टाकी, बादल्या, पिंप भरून घ्या. फोन आणि बॅटऱ्या चार्ज करा. पाव, आपोलोच्या नूडल्स, डबाबंद मासे खात असाल तर ते, मेणबत्त्या, काडेपेटी घ्या. गच्चीवरच्या कुंड्या, खुर्च्या, वाळत घालायचे स्टँड आत आणा, वाऱ्यात ते दुसऱ्याच्या काचेवर जातात. खिडक्यांच्या फटींत जुने टॉवेल कोंबा, कारण पाऊस आडवा येतो आणि बंद खिडकीतूनही आत शिरतो. वादळाचा डोळा वरून गेला तर अचानक शांत होतं. त्या शांततेत बाहेर पडू नका, वारा उलट दिशेने परत येतो.

वृद्ध माणसं १९६० च्या कॅरोलची गोष्ट आजही सांगतात. त्या वादळाने पत्र्याची आणि लाकडाची घरं उडवून नेली. आज बेटावर जिकडेतिकडे सपाट छताची काँक्रीटची घरं दिसतात, ती त्यानंतरची. घर मजबूत असलं तरी रस्ता मजबूत नसतो. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईत काही तासांत गाड्या पाण्यावर तरंगत होत्या. राजधानी डोंगराच्या पायथ्याशी आहे, वरचं सगळं पाणी तिथेच उतरतं. तेव्हा माझा नवरा ऑफिसातून निघायचं की नाही या विचारात होता. मी फोनवर ओरडून त्याला वरच्या मजल्यावरच थांबायला लावलं. पाऊस कोसळत असताना पोर्ट लुईत असाल तर उंचावर थांबा, गाडीची चिंता करू नका.

एवढे आकडे पाठ असू द्या: पोलीस ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिका ११४, अग्निशमन ११५.

९. समुद्र

सगळे किनारे सार्वजनिक आहेत, हॉटेलसमोरच्या वाळूवरही तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं बिर्याणीचं भांडं, गाद्या, आजी-आजोबा घेऊन फ्लिक आँ फ्लाकला किंवा माँ श्वाझीला उतरतात. संध्याकाळी कोणीतरी रावान, म्हणजे चामड्याचा डफ, शेकोटीवर तापवतं आणि सेगा, म्हणजे इथलं नाचगाणं, सुरू होतो. बोलावलं तर जा. ताटातलं काही घेऊन जा, रिकाम्या हातांनी जाऊ नका.

प्रवाळाच्या कड्यामुळे आतलं पाणी शांत असतं. दक्षिणेला ग्री-ग्रीला तो कडा तुटलेला आहे, तिथे लाटा थेट आपटतात. तिथे फक्त बघायचं, पाण्यात पाय घालायचा नाही. इतरत्रही रबरी बूट घालून उतरा. लाफ नावाचा मासा दगडासारखा तळाशी पडून असतो, त्याचे काटे विषारी आहेत आणि वेदना असह्य होतात. टोचलाच तर थेट रुग्णालय. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, तो गुन्हा आहे.

१०. इथले मराठी

इथे ‘मराठी’ हे आधी समाजाचं नाव आहे, भाषेचं नंतर. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतून मुंबईमार्गे गेलेल्या मजुरांचे हे वंशज. ‘मो मराठी’ असं ते अभिमानाने सांगतात आणि पुढचं सगळं बोलणं क्रिओलमध्ये करतात. आडनावं पाहिलीत तर पणजोबाचं नाव आडनाव होऊन बसलेलं असतं, बापू, बाबाजी असं. त्यांना ‘तुम्हाला मराठी येत नाही का?’ असं विचारू नका. ऊसमळ्यावर राबत, आपली लिपी शिकवायला कोणी नसताना, त्यांनी देव, लग्नातला गोंधळ आणि गणपतीतली झाकरी, म्हणजे फेर धरून गायची गाणी, इथवर आणली. शाळेत मराठी विषय आहे, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, आणि बऱ्याच मुली माझ्याशी वहीतलं शुद्ध मराठी हळूहळू, शब्द जोडत बोलतात. त्यांना घाईने सुधारू नका. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा.

भेटायचं असेल तर गणेश चतुर्थीला या. १८९६ साली आँरिएता गावात पहिला गणपती बसला असं इथे सांगतात. आता देशाला सुट्टी असते, पण कॅलेंडर नीट पाहा: सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाची असते. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि सुट्टी २८ ला. दीड दिवसाचा गणपती, कोकणातल्यासारखा. आदल्या संध्याकाळी ओळखीच्या घरी जा. मोदक वळता येत असतील तर आत स्वयंपाकघरात शिरून विचारा, ‘मो कापाव एदे?’ मी मदत करू का? मी पहिल्या वर्षी असंच शिरले. कास्काव्हेलच्या त्या घरात चार बायका करंज्या भरत होत्या. कोणी काही बोललं नाही, फक्त सरकून पाटावर जागा केली आणि सारणाची वाटी माझ्याकडे ढकलली. रात्री अंगणात फेर धरून झाकरी झाली. पुरुष गात होते त्यातले कितीतरी शब्द मला लागले नाहीत, माझ्या आजीच्याही आधीचे असावेत.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक नदीवर किंवा समुद्रावर जाते. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ सगळे एका सुरात म्हणतात. सुती कपडे घाला, पाण्यात उतरावं लागतं, कोरडा जोड पिशवीत ठेवा. सुट्टीच्या दिवशी शेवटची बस आणखी लवकर सुटते, तिची वेळ सकाळीच विचारून ठेवा. चुकली तर घाबरू नका. ‘सालाम’ म्हणत निघालात की कोणीतरी गाडीचं दार उघडून विचारेलच, कुठे राहता म्हणून.